गुलमोहराच्या दिवसांतला नाताळ

२१ डिसेंबर

धाकटे दीर मॉरिशसला एबेनच्या सायबर सिटीत नोकरीला लागले, तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा होता : "मला एकदा त्याचं घर दाखवा." दिवाळीत भाऊजींना रजा नाही, उन्हाळ्यात आमच्या लेकीच्या परीक्षा. उरला नाताळ. नाताळात परदेशी निघालोय म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या शेजारणींनी कानटोप्या आणि हातमोजे काढून दिले. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, वीस अंश दक्षिणेला आहे, तिथे आत्ता भर उन्हाळा असतो, असं सांगून काही उपयोग झाला नाही. सिनेमातला नाताळ बर्फातच असतो ना! कानटोप्या मी गुपचूप कपाटात ठेवल्या. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) मात्र त्यांची लोकरीची शाल हातातल्या पिशवीत टाकलीच.

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून सहा-साडेसहा तासांचं विमान. भारतीयांना व्हिसा उतरल्यावर मिळतो, पैसे पडत नाहीत; परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता तेवढा विचारतात. ताजी फळं, पाला, बियाणं न्यायला बंदी आहे, म्हणून आईंनी जावेसाठी बांधून घेतलेली कढीपत्त्याची जुडी मुंबईलाच राहिली. लीलो चेवडो, भाखरवडी आणि थेपले मात्र सुखरूप पोहोचले. बडोदेकर यांच्याशिवाय सुरतेलासुद्धा जात नाहीत.

घड्याळ दीड तास मागे केलं आणि विमानतळाबाहेर आलो, तर जूनमधली बडोद्याची दुपार समोर उभी : पाऊस पडायच्या आधीची, घामट, अंगाला चिकटणारी. रस्त्याच्या दोन्ही कडांना गुलमोहर असा फुलला होता की पान दिसेना. आपण याला एप्रिल-मेशी जोडलेलं असतं, कमाटीबागेतल्या सुट्टीच्या दिवसांशी. हे झाड मूळचं शेजारच्या मादागास्करचं, आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे डिसेंबर. त्यामुळे इथे नाताळाचं झाड कुठलं असेल तर हेच. हिरवा-लाल रंग आपसूक जमून आलेला.

गुलमोहरामागे ऊस. तोडणी संपत आलेली, काही शेतं मोकळी झालेली. त्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचून ठेवलेले दिसत होते. भाऊजी गाडी चालवता चालवता म्हणाले, "हे सगळे दगड मजुरांनी हातांनी वेचलेत. सगळं बेट ज्वालामुखीचं. दगड वेचल्याशिवाय ऊस लागला नसता." आईंनी विचारलं, "कुठले मजूर?" "आधी आफ्रिकेतले गुलाम, मग आपल्याकडचे." त्यानंतर बराच वेळ त्या शेतांकडेच बघत होत्या.

भाऊजींचं घर कात्र बोर्नला आहे, पठाराकडे चढत जाणाऱ्या भागात, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा हवा जराशी बरी. पंखे तरी पुरेसे होतात. आज आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, इथे सगळ्यात मोठा. संध्याकाळी पावणेसातपर्यंत सूर्य होता. आईंचा सांजवातीचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडला.

२२ डिसेंबर

मेट्रोने पोर्ट लुईला गेलो. ही मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली, हे नवऱ्याने डब्यात बसल्या बसल्या आम्हाला आणि आजूबाजूच्या दोघा अनोळखी माणसांना सांगून टाकलं.

राजधानी समुद्राकाठी, पण मागे डोंगरांची भिंत. वारा अडतो आणि शहर तापतं. अशा उन्हात अख्खं मॉरिशस खरेदीला उतरलं होतं. कारण साधं आहे. इथे कायद्यानेच वर्षाअखेरीला जवळपास एका महिन्याचा जादा पगार द्यावा लागतो, आणि त्यातला पाऊण हिस्सा नाताळाच्या आधी हातात पडतो. मग लोक काय घेतात? पडदे! रंगाचे डबे, सोफ्याची खोळ, पलंगपोस, पोरांना कपडे, फटाके. जाऊ म्हणाली, "वहिनी, हिंदू असो, मुसलमान असो, चिनी असो, वर्षाअखेरीला घराला नवे पडदे लागलेच पाहिजेत." मी रावपुऱ्यात धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात घामाघूम होऊन फिरलेली बाई. मला इथे काही परकं वाटलं नाही. नाताळ म्हणतात, पण चाललीय दिवाळीच : बोनस, साफसफाई, रंग, फटाके, शेजारी फराळ पोचवणं. फक्त पणत्यांच्या जागी विजेच्या माळा, आणि त्या तरी आपण कुठे लावत नाही?

परकं वाटलं ते दुकानांच्या काचांवर चिकटवलेला कापूस. बत्तीस-तेहतीस अंशांत कापसाचा बर्फ, फेसाचा बर्फ, थर्माकोलचा बर्फ, आणि लाल लोकरी डगल्यात घामाने निथळणारा एक सांताक्लॉज. त्या पोरसवदा माणसाची मला फार दया आली. दर पाच मिनिटांनी दाढी खाली ओढून पाणी पीत होता. बाहेर खरा गुलमोहर फुललेला असताना यांना हा उसना बर्फ कशाला हवा? पण गणपतीच्या आराशीत आपणही कापसाचा हिमालय करतोच, तेव्हा फार बोलण्यात अर्थ नाही.

बाजारात आलूदा प्यायलो. दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे, वर आइस्क्रीम. फालुद्याचा हा इकडचा भाऊ, आणि उन्हावर रामबाण. मग दालपुरी. डाळीची पूड भरून लाटलेली पातळ, मऊ पोळी, नेहमी जोडीने देतात, आत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून उभ्याने खायची. आई पुरणपोळीच्या हिशेबाने गोड असेल म्हणून सरसावल्या आणि मिरची लागल्यावर थबकल्या. मग आणखी एक जोडी मागवली. नोटेवर नागरी आणि तमिळ अक्षरं बघून त्यांनी दुकानदाराशी थेट गुजरातीत भाव केला. तोही हसून क्रिओलमध्ये (फ्रेंचवरून घडलेली इथली बोली) उत्तरं देत राहिला, आणि व्यवहार झाला. लिची देठापानांसकट जुड्या बांधून विकायला बसले होते. इथे नाताळ आला हे लिचीवरून कळतं.

दुपारी आप्रवासी घाट, हिंदुस्थानातून आणलेले मजूर जिथे उतरवून घेत ती जागा. पाहण्यासारखं म्हणाल तर फार थोडं उरलंय : दगडी शेड, स्वयंपाकाची जागा, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ जण उतरले. गुलामगिरी बंद होत होती, मळ्यांना हात हवे होते, आणि ब्रिटिशांनी 'करार' नावाचा प्रयोग करून बघितला. प्रयोग त्यांच्या मते यशस्वी झाला. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसं आली, त्यांतली बरीचशी याच पायऱ्या चढून. बहुतेक बिहारकडची, मग मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली, मुख्यत्वे रत्नागिरी-सावंतवाडीकडची. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. प्रत्येकाला नंबर मिळायचा. पुढे पुढे फोटोही काढायचे, आणि ती सगळी दफ्तरं मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. लेक एका फोटोसमोर उभी होती. डोक्याला मुंडासं बांधलेला पोरगा, तिच्याच वयाचा.

इथे बडोद्याची एक आठवण ठेवायला हवी. १९०१ साली गांधीजी आफ्रिकेतून परतताना काही दिवस मॉरिशसला थांबले होते. मजुरांची दशा पाहून पुढे त्यांनी एका बॅरिस्टरला इकडे पाठवलं, ते मणिलाल डॉक्टर, जन्म बडोद्याचा. १९०७ मध्ये आले, मजुरांचे खटले चालवले, १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' नावाचं वर्तमानपत्र काढलं. आमच्या शहरात किती जणांना हे नाव माहीत असेल, देव जाणे. मॉरिशसच्या शाळकरी पोरांना माहीत आहे.

२३ डिसेंबर

आजचा दिवस आईंचा.

कात्र बोर्नहून वाकोआवरून गंगा तलावाकडे निघालो. रस्ता चढत गेला तसे घर-दुकान मागे पडले, चीडाची झाडं आली, आणि अचानक धुकं. समुद्राकाठी माणसं भाजत असताना इथे पठारावर गाडीच्या काचा वर कराव्या लागल्या. रस्ता एवढा रुंद का, तर महाशिवरात्रीला लाखो माणसं खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात.

धुक्यातून आधी पाय दिसले, मग त्रिशूळ, मग सगळेच महादेव. आई गाडीतून उतरल्या, वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आपला सूरसागरचा!"

खरोखरच तो आपला सूरसागरचा आहे. बडोद्याच्या सूरसागर तलावात जे महादेव उभे आहेत, त्यांच्यावरूनच इथली ३३ मीटर, म्हणजे १०८ फुटांची मूर्ती घडवली. २००७ साली ती उभी राहिली. तीच उभं राहण्याची ढब, तोच अभयाचा हात. मला हे वाचून माहीत होतं, पण आईंना मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी तो नुसता चेहऱ्यावरून ओळखला. ओळखणारच. लग्न होऊन बडोद्यात आल्यापासून सूरसागरची फेरी चुकलेली नाही, आणि तलावात मूर्ती उभी राहत होती तेव्हा रोज संध्याकाळी 'आज कुठवर आली' ते पाहून येत असत.

मग तुलना सुरू झाली. आपले महादेव पाण्याच्या मधोमध, इकडचे काठावर, रस्त्याच्या तोंडाशी. आपल्याला आता सोन्याचा मुलामा, इकडचे तांबूस. आपल्याभोवती रिक्षा, भेळवाले, न्यायमंदिराकडची गर्दी. इथे माकडं, धुकं आणि गाडीच्या दाराचा आवाजसुद्धा मोठा वाटावा एवढी शांतता. "आपल्याला ट्राफिक आहे, त्याला बिचाऱ्याला कुणी नाही," आईंचा निकाल.

तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड. १८९७ मध्ये त्रियोलेच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की हे पाणी गंगेचं आहे. दुसऱ्या वर्षी काही माणसं चालत आली, आणि प्रथा पडली. १९७२ साली गोमुखाहून गंगाजल आणून यात मिसळलं. म्हणजे स्वप्नाची बाजू कागदोपत्री पक्की करून घेतली. काठावर देवळांची रांग, पाण्यात लांबलचक वाम मासे, पायऱ्यांवर फळं हिसकावणारी माकडं. एकाने आईंच्या हातातलं केळं नेलं. त्या म्हणाल्या, हनुमान तोच आहे.

पुजारीबुवा भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलत होते. आम्ही बडोद्याचे म्हटल्यावर त्यांनी आईंना पुढे बोलावून अभिषेकाची कळशी हातात दिली. पाऊस भुरभुरू लागला होता. आईंनी पिशवीतून शाल काढली, अंगभर लपेटली आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. जाऊ बिनबाह्यांच्या झग्यात कुडकुडत होती.

उतरताना बोआ शेरीच्या मळ्यातल्या चहागृहात व्हॅनिला घातलेला चहा मिळाला. मॉरिशसला तो फार प्रिय आहे. "चहाला अत्तर लावलंय," आई म्हणाल्या, आणि कपभर दूध मागून घेतलं.

२४ डिसेंबर

सकाळपासून वाड्यात (मी वाडाच म्हणते, तीन घरांचं आवार आहे) शिडी, बादल्या, रंगाचा वास. शेजारीण क्रिओल (म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातली), पन्नाशीची, शिवणकाम करते. तिने सुरूची एक मोठी फांदी वाळूच्या बादलीत रोवून तिला चेंडू आणि माळा लावल्या होत्या. समुद्राकाठी सुरूची बनंच्या बनं, पानं पाइनच्या सुयांची आठवण करून देणारी, तेव्हा झाडाचा प्रश्न मिटला. खाली गोठा : मातीची गुरं, योसेफ, मरिया, भोवती खरं गवत. पाळणा रिकामा.

आमच्याकडून लीलो चेवडो आणि भाखरवडीची ताटली गेली. तासाभराने ती लिची आणि गरमगरम 'गातो पिमां' भरून परत आली. डाळीचे हे मिरचीचे वडे आपल्या डाळवड्यांहून लहान, बाकी वेगळे काढून दाखवा. रिकामी ताटली परत करायची नाही हा नियम इथेही आहे. संध्याकाळी तिने निरोप दिला की मिस्सेला (चर्चमधल्या रात्रीच्या प्रार्थनेला) येणार असाल तर माझ्याबरोबर चला, उशिरा गेलात तर उभं राहावं लागेल.

बडोद्यात आम्ही फत्तेगंजातली नाताळाची रोषणाई बघायला दर वर्षी जातो, पण रस्त्यावरून. आत कधी बसलो नव्हतो. इथलं चर्च तुडुंब भरलेलं, दारं-खिडक्या सताड उघड्या, वर पंखे गरगरतायत आणि लोक प्रार्थनेच्या कागदाने वारा घेतायत. बायका फुलाफुलांच्या सुती झग्यांत, पुरुष अर्ध्या बाह्यांच्या शर्टांत, दोन-तीन बाया चक्क साड्यांत. फ्रेंच आणि क्रिओल आलटून पालटून. आम्हाला काही कळत नव्हतं, पण गाणं सुरू झालं की सगळं देऊळ, म्हणजे चर्च, एकदम उठून उभं राहायचं.

आई मात्र सगळं समजत असल्याच्या थाटात बसल्या होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "जन्म बाराला ना?" मी म्हटलं, हो, तसंच मानतात. "मग थांबू." गोकुळाष्टमीला विठ्ठल मंदिरात रात्री बारापर्यंत जागणारी बाई ती. बाळ आणून गव्हाणीत ठेवलं तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि पाळण्याची दोरी कुठे दिसते का ते मान उंचावून पाहिलं. दोरी नव्हती. बाहेर अंगणात शेजारणीने केकचा तुकडा हातावर ठेवला. आईंनी तो उजव्या हातात घेऊन कपाळाला लावला. "हा यांचा सुंठवडा," मला सांगितलं, आणि तिथेच उभ्याने खाल्ला.

घरी येईस्तोवर फटाके सुरू झाले होते. लांबच लांब लाल माळा, चिनी दुकानांतून आणलेल्या.

२५ डिसेंबर

नाताळाच्या दिवशी मॉरिशस घरात राहत नाही, किनाऱ्यावर जातं. आम्ही फ्लिक आं फ्लाकला गेलो, तेही सकाळी आठला, कारण नऊनंतर सुरूची सावली मिळत नाही. कुटुंबंच्या कुटुंबं ट्रक, व्हॅन, बस करून येत होती. चटया, तंबू, कोळशाच्या शेगड्या, बर्फाच्या पेट्या, आजीसाठी प्लास्टिकची खुर्ची, आणि बिर्याणीची डेग, जी दोन माणसं दांडक्याला अडकवून आणत होती.

आपले पर्यटक मोठ्या हॉटेलांत राहून, हॉटेलच्याच वाळूवर फोटो काढून परत येतात आणि 'मॉरिशसला काही गर्दी नसते' असं सांगतात. त्यांनी एकदा नाताळाच्या दिवशी सार्वजनिक किनाऱ्यावर यावं. इथे माणसं दिसतात.

दुपारी बाराला माझी सावली पायाखाली गोळा झाली होती. या दिवसांत सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे हे जूनमध्ये घडतं, पण तेव्हा ढग असतात. इथलं निळं आकाश फसवं. लेकीने मलम लावायला कंटाळा केला आणि संध्याकाळपर्यंत तिचे खांदे उकडलेल्या बिटाच्या रंगाचे झाले. समुद्र मात्र निवांत. बेटाभोवती प्रवाळाची कड आहे, लाटा तिथेच दूर फुटतात. आत कमरेइतकं पाणी, बादलीत तापवून ठेवावं तसं कोमट. पायात रबरी बूट हवेत, कारण प्रवाळ कापतो आणि समुद्रातली काटेरी जनावरं टोचतात.

चारच्या सुमाराला एका टोळक्याने शेकोटी पेटवली. एवढ्या उन्हात शेकोटी कशाला, तर रावान तापवायला. बकऱ्याच्या कातड्याचं मोठं, चपटं वाद्य. विस्तवावर धरून कातडं ताणलं की आवाज खुलतो, जसा आपल्याकडे हलगीवाला करतो. मग सेगा सुरू. पाय वाळूतून उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे. कंबर आणि हात बोलतात. हा गुलामांचा नाच, मळ्यावरच्या रात्रींतून आलेला. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला. बघता बघता बाजूच्या तंबूतल्या मुसलमान काकू, पलीकडची चिनी पोरं, सगळे त्यात. माझा नवरा गरब्याची पावलं टाकायला लागला. वर्तुळ आपोआप डावीकडे सरकू लागलं.

आईंना मी हाक मारली, "आई, पाणी घेता का?" तर शेजारच्या चटईवरची एक म्हातारी वळली. नऊवारी नव्हे, फुलांचा झगा, गळ्यात काळे मणी. आमच्याकडे एकटक बघत म्हणाली, "तुमी मराटी?"

पुढचा तास दोन म्हाताऱ्यांचा. हिचे पणजोबा रत्नागिरीकडून आले, गाव कुठलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं पहिलं नाव तेच घराण्याचं आडनाव झालं. कारकुनाने दफ्तरात जे लिहिलं ते. इकडच्या मराठ्यांत महादू, भिवाजी, सखाराम ही अशी आडनावं झालीत. तिचं मराठी अधूनमधून क्रिओलमध्ये घसरायचं, मग ती थांबून शोधायची. गणपती, आरती, गोंधळ, जाखडी ही नावं मात्र न अडखळता. जाखडीला इकडे 'झाकरी' म्हणतात, आणि गणपतीत पोरं अजून नाचतात. निघताना तिने पत्ता दिला : वाकोआच्या बाजूला, जेवायलाच या.

२६ डिसेंबर

दिवसभर पाऊस. नोव्हेंबर ते एप्रिल इथे चक्रीवादळांचा मोसम. इशाऱ्याचे चार वर्ग असतात, आज एकही लागला नाही, पण जावेने कपाटातली मेणबत्त्या-बॅटऱ्या-डबाबंद माशांची पेटी दाखवली. १९६० मधल्या 'कॅरोल' वादळाने पत्र्याची नि गवती घरं उडवली, तेव्हापासून सगळे सिमेंटची सपाट गच्ची बांधतात. गच्चीवर सळया वर काढून ठेवलेल्या. मुलाचं लग्न झालं की मजला चढतो. आईंनी दुपारी कढी केली.

२७ डिसेंबर

शामारेल. सात रंगांची माती कुंपणाबाहेरून बघायची, धबधबा लांबून बघायचा, आणि दोन्हींना तिकीट. फोटो चांगले येतात. मला ल मोर्नचा डोंगर जास्त भिडला : समुद्रात घुसलेला काळा कडा, पळून आलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. खाली पतंगाला बांधून लाटांवरून सुसाट जाणारे गोरे लोक. उत्तरायण जवळ आलंय, आपल्याकडे मांजा रंगवायला घेतला असेल, असं नवरा दोनदा म्हणाला.

२८ डिसेंबर

म्हातारीचं घर. सिमेंटचं, गच्चीवर सळया, दारात तुळस आणि गुलमोहर. हॉलमध्ये एका कोपऱ्यात चमचमतं नाताळाचं झाड, दुसऱ्या कोपऱ्यात देवघर. त्यात गणपती, तुळजाभवानीची तसबीर, आणि शिवाजी महाराज. पडदे अर्थातच नवे, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

जेवायला भात, डाळ, पालेभाजी (इकडे तिला 'ब्रेद' म्हणतात आणि रोज लागते), माशाचं मोहरी-हळदीतलं 'विंदाय', आणि आमच्यासाठी मुद्दाम केलेल्या पुऱ्या. पुरीबरोबर खीर. आईंनी वाटीभर खीर खाऊन विचारलं, जायफळ का? तर हो, जायफळ.

वाकोआजवळच्याच आंरिएता गावात १८९६ साली मॉरिशसचा पहिला गणेशोत्सव झाला असं मानतात. आज गणेशचतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते. बाप्पा ट्रकमधून समुद्राला किंवा नदीला जातात. आजीबाईंनी फोटोंचा गठ्ठा काढला. गुलाबी फेटे, लेझीम, मागे निळंशार पाणी.

तिची नात प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. इथल्या सरकारी शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूप्रमाणे मराठी हा विषय घेता येतो. तिने आमच्या लेकीपुढे पाठ्यपुस्तक ठेवलं आणि वाच म्हणाली. आमची लेक इंग्रजी माध्यमाची, घरात अस्खलित मराठी बोलणारी, रस्त्यावर गुजराती, पण वाचताना 'क्ष' आणि 'ज्ञ' आले की अडखळणारी. नात वाचायला लागली : स्पष्ट, सावकाश, एकेक जोडाक्षर पूर्ण उच्चारत, आमच्याकडच्या जुन्या शिक्षकांनी शाबासकी द्यावी असं. पुस्तक मिटलं आणि गप्पा सुरू झाल्या, तर तिला दोन वाक्यं जुळवायलाही कष्ट पडत होते. घरात क्रिओलच चालतं. मग दोघींनी असं ठरवलं की लेक बोलेल आणि नात लिहून घेईल. लग्नात म्हणायचे उखाणे नातीला हवे होते. मार्चमध्ये मैत्रिणीचं लग्न आहे. माझ्याही डोक्यातले होते नव्हते ते सगळे निघाले. आजीबाईंना एक येत होता, नवऱ्याच्या नावासकट. तो म्हणून झाल्यावर त्या पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवून लाजल्या.

३१ डिसेंबर

मधले दोन दिवस पांपलमूसची बाग (ताटाएवढी नव्हे, टेबलाएवढी कमळाची पानं, मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांची समाधी) आणि भाऊजींच्या मित्रांकडची जेवणं यांत गेले.

आज रात्री सगळे गच्चीवर. आकाश स्वच्छ होतं, उत्तरेकडे मृग नक्षत्र उभं होतं, पण डोकं खाली पाय वर. व्याध थेट माथ्यावर. आई खुर्ची फिरवून, मान वाकडी करून पाहून घेत होत्या. बाराला सगळं बेट एकदम फुटलं. दिवाळीत बडोद्यात होतो त्याहून जास्त धूर, आणि पहाटेपर्यंत. शेजारणीने कुंपणावरून केक दिला, आम्ही शेवटची भाखरवडी दिली.

१ जानेवारी

दुपारचं विमान. आजीबाई आणि नात विमानतळावर आल्या, लिचीचा मुरंबा घेऊन. नातीला सूरसागरचे महादेव बघायचेत. आई लगेच म्हणाल्या, "उत्तरायणला ये, सगळं गाव गच्चीवर असतं." पण जानेवारीतच इथल्या शाळा उघडतात. मे? "मेमध्ये नको गं, वाळून जाशील." शाळा नोव्हेंबरमध्ये सुटतात तेव्हा यावं असं ठरलं, दिवाळी तेव्हा जवळपासच असते. आजीबाईंचा पासपोर्ट नाही, तो काढावा लागेल. त्या कधी बेटाबाहेर गेलेल्याच नाहीत. आईंनी त्यांना थंडीचे कपडे आणायला सांगितलं, मग शाल काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "नकोच आणू, ही घे." जाऊ मध्येच म्हणाली, तिकिटं ऑगस्टच्या आत काढा, नंतर भाव चढतात.